अभ्र्यातलं वाचन

काटेसाहेब हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. वजनमापं तपासण्याच्या नोकरीत त्यांनी उभा जन्म काढला आणि बाजाराने ते त्यांना बहाल केलं. तराजूचा काटा केसभर कलला की साहेबांची मानही तेवढीच कलते, असं दुकानदार म्हणत. वजनाच्या बुडाला लावलेलं मेण, पारड्याखाली दडवलेलं लोहचुंबक, आतून ठोकून वर आणलेला मापाचा तळ, यातलं काहीही त्यांच्या हातून सुटत नसे. माणसं त्यांना वचकून असत, आणि वचक हाच त्यांच्या आयुष्यातला मोठा नफा होता. निवृत्त झाल्यावर तो एकदम बंद झाला. तपासायला दुकानं उरली नाहीत, म्हणून त्यांनी घर तपासायला घेतलं.

बायकोने पहिल्याच आठवड्यात बजावलं, "अहो, माझ्या डब्यांना तुमचा शिक्का नकोय. चहात साखर किती घालते ते मोजायचं असेल तर चहा तुम्ही करायचा."

डबे सुटले. मग साहेबांची नजर वळली ती वहिनींकडे.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. लहानपणीच्या आजारात त्यांचे डोळे गेले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात वहिनींचं स्थान अढळ होतं, आणि ते स्थान म्हणजे अक्षरशः एक खुर्ची होती. पुढच्या खोलीत, खिडकीशी, लाकडी हातांची. संध्याकाळचा चहा झाला की वहिनी त्या खुर्चीत बसत, मांडीवर जाडजूड पुस्तक उघडत आणि बोटांनी वाचू लागत. ठिपक्यांचं पुस्तक. कागदावर उठवलेले बारीक उंचवटे, शाईचा टिपूससुद्धा नाही. डोळस माणसाला ते पान म्हणजे नुसता पांढरा भात. वहिनींना त्यात सगळं दिसे.

ऐकायला घरचे दोघे असत. तळमजल्यावरचा शिंपी दुकानाचं दार ओढून घेऊन वर येई. आणि पोस्टातली बाई येई, जी अंधांच्या ग्रंथालयातून येणारे ते अवजड खंड स्वतः खांद्यावरून आणून देत असे आणि त्या हमालीच्या बदल्यात पहिली जागा पटकावत असे. डोळे असलेली चौघं खाली बसून ऐकत आणि डोळे नसलेली एक वर बसून वाचत असे. या घराचा जमाखर्च असा उलटा होता, आणि वहिनींचं ताठ बसणं पाहिलं की तो त्यांना किती गोड वाटतो हे कुणालाही कळलं असतं.

सध्या एका जहाजाच्या कप्तानाची कादंबरी चालू होती. बरेच खंड होते. पहिले दोन संपले होते, तिसरा सुरू होता. हा कप्तान जहाजाच्या तळघराला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून फिरायचा. आत काय आहे ते सबंध जहाजात कुणाला ठाऊक नव्हतं आणि या खोलीतही नव्हतं.

"सोनं असणार," शिंपी म्हणे. "एवढं कुलूप काय बटाट्यांना लावतात?"

"माणूस आहे आत," पोस्टातली बाई म्हणे. "कोंडलेला. लिहून ठेवा."

"तुम्ही दोघं गप्प बसा, नाहीतर ताई वाचायच्या थांबतील," साहेबांची बायको म्हणे, आणि मग स्वतःच विचारी, "ताई, ती किल्ली हरवत का नाही हो?"

साहेब मात्र गोष्ट कमी ऐकत आणि वहिनींच्या हाताकडे जास्त बघत. ते सवयीने. दुकानदार काय बोलतो याकडे लक्ष द्यायचं नाही, हात कुठे जातो ते बघायचं, हा त्यांचा धंद्यातला पहिला धडा होता. आणि एका संध्याकाळी त्यांना दिसलं की वहिनींचा हात ओळीवरून भराभर सरकला आणि शब्द मात्र थोडेच आले.

"वहिनी, एक ओळ गाळलीत."

वहिनींनी मान वळवली. "कशावरून भाऊजी?"

"हात पुढे गेला आणि गोष्ट मागे राहिली."

"असं?" वहिनी हसल्या. हसू जरा मोठंच होतं, पण ते साहेबांना पुष्कळ नंतर आठवलं. "म्हणजे वाचता येत नाही, पण तपासायचं आहे. वजन न उचलताच तोलायला निघालात की हो! शिका आणि मग या झडती घ्यायला. ज्या दिवशी या पुस्तकातली एक ओळ बोटाने वाचाल, बोटाने हं, डोळ्यांनी नव्हे, त्या दिवशी ही खुर्ची तुमची."

"अरे वा!" शिंप्याने टाळी वाजवली. "साहेब, उचला विडा."

साहेबांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच अंगात रक्त असल्यासारखं वाटलं. "उचलला," ते म्हणाले.

पोस्टातल्या बाईने ग्रंथालयातून मुळाक्षरांचा तक्ता आणि पहिलीच्या मुलांचं एक ठिपक्यांचं पुस्तक आणून दिलं. सहा ठिपक्यांचं एक घर. त्यातले कोणते उठलेत आणि कोणते बसलेत यावर अक्षर ठरायचं. साहेबांनी दोन बैठकींत सगळी अक्षरं पाठ केली आणि चहाच्या वेळी घडाघडा म्हणून दाखवली.

"छान," वहिनी म्हणाल्या. "आता डोळे मिटा."

डोळे मिटले आणि सगळं गेलं. बोटाखाली पॉलिशपेपर होता. कुठे अक्षर सुरू होतं, कुठे संपतं, ओळ कुठली, मधली जागा कुठली, काहीच लागेना. साहेबांनी जोर लावला. वजनाच्या बुडावर अंगठा घासून मेण शोधत तसा त्यांनी अंगठा घासला.

"भाऊजी, ते पान आहे, गुन्हेगार नाही," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. "घासल्याचा आवाज इथवर येतोय. दाबलंत तर ठिपके बिचारे बसतील. हलकं धरा. बोट टेकवायचं नाही, नुसतं न्यायचं. आणि थांबू नका. थांबलेलं बोट माझ्याहून आंधळं."

त्या सांगत सगळं, पण त्यांनी कधी उठून येऊन साहेबांच्या ओळीवर आपलं बोट ठेवलं नाही. हेही साहेबांना नंतरच आठवलं. तपासनीसाचं डोकं असं असतं. पुरावा आधी गोळा होतो, गुन्हा मागाहून कळतो.

सरावात एक गोम निघाली. बरेच दिवस साहेबांना वाटत होतं की आपली प्रगती झपाट्याने होते आहे. मग एका सकाळी त्यांनी स्वतःलाच रंगेहाथ पकडलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, प्रत्येक ठिपक्याची बारीक सावली पडली होती, आणि बोट नुसतं मिरवत होतं. वाचत होते ते डोळे, पापण्यांच्या फटीतून. पासंग! स्वतःच्याच तराजूत! साहेब इतके संतापले की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कुणावर ओरडताय?"

"माझ्यावर."

"मग चालू द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी एक मोठा उशीचा अभ्रा घेतला आणि तो शिंप्याकडे नेला. तोंडाला इलॅस्टिक घालून दे, म्हणाले, मनगटाला घट्ट बसेल असं. पुस्तक आत, हात आत, डोळे बाहेर. शिंप्याने टाके घालता घालता विचारलं, "साहेब, तुम्ही असे हात घालून गॅलरीत बसलात तर लोकांना वाटेल मांजर धरून ठेवलंय."

"वाटू दे."

"आणि आतून म्याव आलं तर?"

साहेब अभ्रा घेऊन वर गेले. पण खरं सांगायचं तर ते आत काय ऐकायला मिळेल याचीच वाट बघत होते.

आणि एके दिवशी आलं. ते गॅलरीत बसले होते. समोरच्या इमारतीवर कुणी गालिचा झटकत होतं, खाली शिंप्याचं मशीन चालत होतं. साहेबांचं बोट नेहमीसारखं अभ्र्याच्या अंधारात चाचपडत होतं, आणि कसं कोण जाणे, मन दुसरीकडे गेलं म्हणून असेल, बोट हलकं झालं. तेव्हा खालून एक गोष्ट वर आली. ती आधी ठिपक्यांची होती, मग अक्षरांची झाली, आणि मग अक्षरं मध्येच कुठे तरी विरघळून गेली आणि उरली ती नुसती नदी.

नदी. शब्द नव्हे, नदीच. साहेबांनी आयुष्यात लाखो शब्द वाचले होते, पाट्यांवर, पावत्यांवर, नोटिसांवर, आणि एकाही शब्दाने त्यांना असा स्पर्श केला नव्हता. हा शब्द त्यांनी वाचला नव्हता. कागदाच्या आतून कुणीतरी बोट पुढे करून त्यांच्या बोटाला लावलं होतं. त्यांच्या मानेवर काटा आला. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला. नदी होतीच तिथे. आंधळ्या कागदाच्या पोटात, कुणी बघत नसताना, शांतपणे वाहत होती.

बायको कपडे वाळत घालायला आली तर हे अभ्रा मांडीवर घेऊन बसलेले, डोळ्यांत पाणी.

"अहो, काय झालं?"

"नदी भेटली," साहेब म्हणाले.

"ही कोण नदी?" बायकोने विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून शेजारी बसली. "दाखवा बघू कुठंय," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर शब्द येत गेले. झाड आलं, पाऊल आलं, घर आलं. साहेब बायकोला अभ्र्यातून पानंच्या पानं वाचून दाखवू लागले. मुलांच्या पुस्तकातली गाढवाची गोष्ट होती, पण दोघंही ती एखाद्या दूरदेशीच्या बातमीसारखी ऐकत.

मग त्यांनी कादंबरीला हात घातला. दुपारी वहिनी पडलेल्या असत तेव्हा तिसरा खंड टेबलावर असे. साहेबांनी तो अभ्र्यात घातला आणि खुणेच्या फितीपाशी उघडला. आदल्या संध्याकाळी वहिनींनी इथेच वादळ वाचलं होतं. काय वादळ होतं ते! डोलकाठी मोडली होती, लंगडा स्वयंपाकी मोठ्या कढईसकट घसरत गेला होता, आणि शिंपी स्वतःच्या गुडघ्याला मिठी मारून बसला होता. साहेब त्या वादळात बोट घालायला अधीर झाले होते.

बोटाला लागल्या मधमाश्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. मधमाश्या. पुढे पंख. पुढे धूर. डोलकाठी कुठेच नाही. साहेब खचले. म्हणजे गाढवाची गोष्ट लहानपणी ऐकलेली म्हणून आली असावी; मोठ्यांच्या पुस्तकात आपलं बोट अजून अडाणीच आहे. जन्मभर दुसऱ्याचा काटा खोटा धरला, आता आपलाच निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मधमाश्या. तिसऱ्या दिवशी, वहिनींनी जिथे कप्तानाच्या बायकोचा निरोप वाचला होता तिथे, पुन्हा मधमाश्याच. वहिनी चुकीचं वाचत असतील हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. सोन्याच्या वजनावर कुणी शंका घेतं का?

"कसं चाललंय भाऊजी?" वहिनींनी एकदा विचारलं.

"कुठलं काय. वादळाच्या जागी भलतंच येतं हाताला."

"भलतं म्हणजे काय?" हे त्यांनी जरा घाईने विचारलं.

"जाऊ द्या. हसाल."

शेवटी त्यांनी नियम मोडला. पुस्तक अभ्र्यातून काढलं, तक्ता शेजारी ठेवला आणि उजेडात, चष्मा लावून, एकेक ठिपका डोळ्यांनी पडताळला. बोट बरोबर होतं. "पेटी उघडताना घाई करू नये. आधी धूर द्यावा." पुढचं पान, त्यापुढचं पान, शेवटचं पान. कसं पोळं तपासावं, कशी पेटी हलवावी, थंडीत काय काळजी घ्यावी. पुठ्ठ्यावर कादंबरीचं लेबल चिकटवलेलं होतं. ग्रंथालयात कुणाच्या तरी हातून लेबलं बदलली होती. बाहेर कप्तान आणि पोटात मधमाश्या.

साहेबांच्या मानेचा जुना काटा टकदिशी कलला. मापात पाप! सगळ्यांसमोर, रोज संध्याकाळी! आधी त्यांना राग आला, मग शंका आली की वहिनी आपली गंमत करताहेत. आणि शंका आली की तपासणी करायची, एवढंच त्यांना आयुष्यात येत होतं. त्या संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी स्वतः उठून पुस्तक वहिनींच्या मांडीवर ठेवलं. उलटं. वरची बाजू खाली.

वहिनींनी ते उघडलं. फीत चाचपली. बोटं पानावर ठेवली आणि वाचू लागल्या.

उलट्या ठिपक्यांवरून ती बोटं डावीकडून उजवीकडे निघाली. ओळ संपली की डावा हात खालच्या ओळीला जाऊन उजव्याची वाट बघत होता, वर्षानुवर्षं बघत आला होता तसा. कप्तानाची बायको धक्क्यावर कंदील घेऊन उभी होती. वाऱ्याने कंदील विझायचा आणि ती पुन्हा लावायची, कारण जहाज दिसत नसलं तरी जहाजावरून कंदील दिसत असेल. पोस्टातल्या बाईने पदराने नाक पुसलं. शिंपी शिवायला आणलेलं बटण तसंच हातात धरून बसला होता. वहिनींना काहीही कळलेलं नव्हतं. त्यांच्या बोटांना पान सुलटं आहे की उलटं, एवढंही लागत नव्हतं.

बाजारात असा क्षण आला की साहेब पुढे होऊन वजन जप्त करत. आज ते जागेवरून हलले नाहीत.

मग सगळा पुरावा एकेक करत पुढे येऊन उभा राहिला. कप किती भरला ते वहिनी पूर्वी कडेवर बोट ठेवून बघत. हल्ली कप हातात तोलून बघतात. गरम किटली धरतात आणि सोडत नाहीत. ब्लाउजची हुकं लावायला साहेबांच्या बायकोला हाक मारतात, "माझी पाठ आखडलीय गं," म्हणतात. डॉक्टर दर खेपेला रक्तातल्या साखरेवरून ओरडत आणि तळपाय बघत. हात कुणी बघितलेच नव्हते. साखरेने बोटं आतून खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी जन्मातला सगळ्यात कठीण हिशेब मांडला. वहिनींच्या बोटांनी दगा दिला तेव्हापासूनचं सगळं वादळ, सगळा समुद्र, कंदील, निरोप, हे कुठून आलं होतं? कुठल्याच पानातून नाही. त्यांनी ती गोष्ट पुढून मागे आणि मागून पुढे तपासली. खोट सापडावी म्हणून तपासली. स्वयंपाकी डाव्या पायाने लंगडत होता तो दर वेळी डाव्यानेच. पोपट एकदा उडून गेला तो कधीच परत बोलला नाही. कप्तानाने बायकोला जे जे कबूल केलं होतं ते ते एकतर पाळलं होतं किंवा ते न पाळल्याचं दुःख त्याला पुढे झालं होतं. कुठे गुंजभर फरक नाही. आणि हे सगळं त्या बाईने दर संध्याकाळी, मेलेली बोटं परक्या कागदावरून फिरवत, चार माणसांच्या तोंडासमोर, एकदाही न अडखळता उभं केलं होतं.

नदी बोटाला लागली तेव्हा मानेवर आलेला काटा पुन्हा आला. या वेळी तो बराच वेळ बसला नाही.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पैज. ओळ वाचली की खुर्ची आपली. आणि खुर्ची गेली की वहिनींचं या घरात काय उरणार होतं? हाताला धरून नेण्यासारखी एक म्हातारी.

त्यांनी हरायचं ठरवलं. पण हरणंही सगळ्यांना जमत नाही.

"हा खंड आता परत पाठवायला हवा," पोस्टातली बाई दोन दिवसांनी म्हणाली. "ग्रंथालयाचा निरोप आलाय."

"म्हणजे आज साहेबांची परीक्षा!" शिंपी म्हणाला.

"छे, मला काही जमलेलं नाही. हरलो," साहेब म्हणाले.

"खोटं!" बायको उसळली. "ताई, खोटं बोलताहेत. मला अख्खं पुस्तक वाचून दाखवलंय, अभ्र्यात हात घालून. गाढवाचं."

"ते गाढवाचं होतं," साहेब म्हणाले.

"मग हे माणसांचं वाचा," शिंपी म्हणाला. "बढती समजा."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलून हे मोडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण वहिनींनी मांडीवरचा खंड उचलला आणि पुढे केला. आवाज सरळ होता. "घ्या भाऊजी. मापाला कशाला घाबरायचं?"

त्या पकडल्या जायला तयार होत्या. कदाचित थकल्याही होत्या. फक्त पुस्तकात मधमाश्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं; आपली गोष्ट आणि कागदावरची गोष्ट वेगळी निघेल, एवढंच त्यांनी धरलं होतं.

खंड अभ्र्यात गेला. हात आत गेले. खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता, शिंप्याच्या कपड्यांचा. साहेबांच्या बोटाखाली ओळ अगदी स्पष्ट उठली: पेटी उघडताना घाई करू नये. ज्या माणसाने जन्मात कधी एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या कपाळावर घाम आला.

"वादळ..." ते म्हणाले. "वादळ ओसरलं."

"बरं झालं," बायको पुटपुटली.

"मग कप्तान..." कल्पना नावाची वस्तू साहेबांच्या दुकानात कधी आलीच नव्हती. त्यांनी चाचपून पाहिलं, फळ्या रिकाम्या. बोटाखाली जे होतं तेवढाच माल. "कप्तान तळघराशी गेला. त्याने किल्ली काढली."

शिंपी गुडघ्यावर आला. "उघडलं? आज उघडलं?"

"उघडलं. आत पेट्या होत्या."

"सोन्याच्या!"

"लाकडी. आणि पेट्यांत... मधमाश्या होत्या."

मग शिंप्याने अत्यंत दुखावलेल्या आवाजात विचारलं, "जहाजावर?"

साहेबांकडे पुढे काही नव्हतं. वहिनींची मान मात्र हळूहळू त्यांच्या दिशेने वळत होती, टेलिफोनच्या तारेतून दूरचा आवाज पकडावा तशी.

"भाऊजी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे एवढ्याच ओळीत आहे, की पानभर?"

"सबंध खंडभर आहे वहिनी," साहेब म्हणाले. "माझ्या बोटाला तरी तसंच लागतं."

वहिनींच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते फक्त साहेबांनी पाहिलं. बाकीचे अभ्र्याकडे बघत होते. आधी रंग उतरला. मग ओठ घट्ट मिटले. आणि मग त्या मिटलेल्या ओठांच्या एका कोपऱ्यातून, कुठून कोण जाणे, हसू फुटलं.

"बरोबर वाचलंत," वहिनी म्हणाल्या. "अक्षरन् अक्षर बरोबर. अहो शिंपीदादा, असं काय करता? पहिल्या खंडातलं ते बेट विसरलात? जिथे झाडं फुलतात आणि फळ धरत नाही? जिथल्या म्हाताऱ्याने कप्तानाचा हात धरून विचारलं होतं, आमच्या फुलांचं काय चुकलं?"

पहिल्या खंडात ते बेट खरंच होतं. तो खंड वहिनींनी शाबूत बोटांनी वाचला होता, सगळ्यांनी ऐकला होता आणि सगळे विसरले होते.

"तिथे नेतोय तो," वहिनी म्हणाल्या. "म्हणून कुलूप. खलाशांना कळलं असतं तर पहिल्याच रात्री पेट्या समुद्रात गेल्या असत्या. आणि आता वादळाने एका पेटीची फळी निखळलीय. आतून गुणगुण येतेय. कप्तान दाराशी उभा आहे आणि मागे जिन्यावर स्वयंपाकी उतरतोय, डावा पाय ओढत."

"मेला!" पोस्टातली बाई म्हणाली. "हातात कढई असेल ना त्याच्या? आवाज करेल तो!"

पुस्तक साहेबांच्या हातात अभ्र्यात होतं, वहिनींची मांडी रिकामी होती, आणि गोष्ट चालली होती. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. साहेब ऐकत राहिले. त्यांच्या तळहाताखाली खऱ्या मधमाश्या होत्या, कानांत दुसऱ्या, आणि त्या दोन्हींची गुणगुण एकच होती.

जहाज बेटाच्या जवळ आल्यावर वहिनी थांबल्या. मग खुर्चीचे हात धरून उठू लागल्या. "बोलल्याप्रमाणे खुर्ची तुमची, भाऊजी."

"बसा वहिनी," साहेब म्हणाले. "एक ओळ वाचली, तीही अडखळत. पूर्ण मापाशिवाय शिक्का नाही."

"हे बरीक खरं," शिंपी म्हणाला. "साहेब वाचतात म्हणजे बैलगाडी. वहिनीच हव्यात."

वहिनी खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची बायको बाजारात गेली होती. वहिनी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. "केव्हा कळलं?"

"पुस्तक उलटं ठेवलं तेव्हा."

"उलटं ठेवलंत?" वहिनींनी खिन्नपणे मान हलवली आणि मग हसल्या. "दुष्ट आहात. बाजार उगाच नाही घाबरायचा."

"सांगायचं नाही का वहिनी? कधीपासून?"

"दुसरा खंड निम्मा झाला तेव्हापासून. आधी ठिपके धूसर झाले, मग विझले. सांगून काय झालं असतं? तुम्ही सगळ्यांनी मला वाचून दाखवलं असतं. प्रेमाने. मोठ्या आवाजात, जशी काही मी बहिरीपण आहे."

तसंच झालं असतं, हे साहेबांनाही पटलं.

"पण आता एक करा," वहिनी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसत म्हणाल्या. "पुढे त्या बेटावर उतरायचंय आणि मला मधमाश्यांतलं ओ की ठो कळत नाही. पोस्टातल्या बाईला सांगा, खंड अजून ठेवायचाय. आणि वाचा. खरं काय लिहिलंय ते. गुंजभरही कमी नाही आणि जास्त नाही."

साहेबांनी खंड मांडीवर घेतला. अभ्रा आणला नाही, डोळे मिटले. ओळ उठली आणि ते हळूहळू वाचू लागले. पेटी उघडताना घाई करू नये. आधी धूर द्यावा. मग थोडा वेळ थांबून ऐकावं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "त्या 'ऐकावं'वर माझं बोट ठेवा."

साहेबांनी त्यांचं बोट धरलं. ते गार होतं. त्यांनी ते उचलून ओळीवर ठेवलं आणि अक्षरांवरून हलकेच नेलं, वहिनींनीच शिकवलं होतं तसं, न दाबता, न थांबता.

"लागलं काही?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण आहे ना तिथे?"

"आहे."

"मग चला पुढे."